खेळणारा एक, पाहणारे अनेक

30 मार्च 2011 रोजी चंदीगडला लागूनच असलेल्या मोहालीच्या मैदानावर भारत आणि पाकिस्तान या दोन देशांचे पंतप्रधान शेजारी शेजारी बसले होते. विश्वचषक क्रिकेट स्पर्धेतील उपांत्य सामना चालू होता. डॉ. मनमोहन सिंग यांना चंदीगड नवे नव्हते. तेथील पंजाब विद्यापीठात त्यांनी तरुणपणी अर्थशास्त्र शिकविले होते. त्यांच्या निमंत्रणावरून युसूफ रझा गिलानी सामना पाहावयास आले होते. दोघांच्याही हाती केवढे तरी अधिकार होते. परंतु चेंडू कोठे पडावा आणि झेल कोणाच्या हातून सुटावा, यावर त्या काही तासांत त्यांची काडीइतकीही सत्ता नव्हती. खेळापुरते बोलावयाचे तर त्या दिवशी ते दोघेही केवळ बघे होते.

मराठी भाषेने ‘बघ्या’ या शब्दाला फारसा मान दिलेला नाही. संकट ओढवले असता जो हात न लावता उभा राहतो तो बघ्या, आणि ‘बघ्याची भूमिका घेणे’ हा तर सरळ सरळ आरोपच. याउलट गाणे ऐकणाऱ्याला आणि नाटक पाहणाऱ्याला हीच भाषा ‘रसिक’ म्हणून गौरविते. मग दुसऱ्याचा खेळ पाहणाऱ्याला कोणत्या पंक्तीला बसवावे? हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. तरुण मुलगा किंवा मुलगी तासन् तास मोबाईलकडे पाहत असते. पडद्यावर व्हिडिओ गेम चाललेला असतो. पण तो खेळणारा दुसराच कोणी तरी, शेकडो कोसांवर बसलेला असतो. वडीलधारी माणसे म्हणतात, ‘स्वतः खेळत असतास तर एक वेळ समजलो असतो, दुसऱ्याला खेळताना पाहण्यात कसला आलाय आनंद?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर मोबाईलपेक्षा पुष्कळच जुने आहे.

महाराष्ट्रात या उत्तराचा एक ठसठशीत पुरावा कोल्हापूरला उभा आहे. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये विलायतेच्या प्रवासास गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले, आणि 1912 मध्ये कोल्हापुरात खासबागचे कुस्ती मैदान तयार झाले. मध्यभागी हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना. लढणारे मल्ल दोन. परंतु बांधकामाचा सारा विचार पाहणाऱ्या हजारोंचा. मागच्या माणसालाही पकड दिसली पाहिजे आणि डाव कळला पाहिजे, यासाठी ती मांडणी. तेथे येणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या गावच्या तालमीत कधी काळी लाल माती अंगाला लावलेली असे. धोबीपछाड कसा बसतो, तो कोठे फसतो, हे त्याच्या खांद्याला ठाऊक असे. त्यामुळे मल्ल डावाच्या तयारीत आला की पाहणाऱ्याचेही स्नायू ताठ होत.

पुढे रेडिओ आला आणि डोळ्यांना न दिसणारा खेळही ‘पाहता’ येऊ लागला. 1934 मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांत ए. एफ. एस. तल्यारखान यांनी चेंडूगणिक समालोचन केले. दिवसभर एकट्याने बोलत राहण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती. स्वातंत्र्योत्तर काळात बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचे धावते वर्णन मराठीत केले आणि खेड्यापाड्यांतील श्रोत्यांना त्या खेळाची भाषा दिली. ज्याने कधी बॅट हाती धरली नव्हती, असाही माणूस चावडीवरच्या रेडिओभोवती बसून फलंदाजाच्या चुकीवर हळहळू लागला. खेळ आणि पाहणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस आला होता. तो खेळत नव्हता, पण त्याच्या आवाजावाचून खेळ पोहोचतही नव्हता.

पाहण्याची किंमत किती, हे चंदीगडच्याच एका सुपुत्राच्या उदाहरणावरून कळते. कपिल देव यांचा जन्म 1959 साली या शहरात झाला आणि सेक्टर सोळाच्या मैदानावर त्यांचा खेळ घडला. 18 जून 1983 रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पाच गडी अवघ्या सतरा धावांत बाद झाले असता त्यांनी नाबाद 175 धावा काढल्या. भारतीय क्रिकेटचे भाग्य पालटणारी ती खेळी; पण तिचे दूरचित्रण झालेच नाही. मैदानावर हजर असलेल्या थोड्या लोकांनी ती पाहिली, उरलेल्या भारताने ऐकीव वर्णनांवर समाधान मानले. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्या न पाहिलेल्या खेळीविषयीची हळहळ ओसरलेली नाही. केवळ निकालच हवा असता, तर धावफलक पुरेसा होता. माणसाला निकालापेक्षा घडण्याची क्रिया पाहावयाची असते, हेच ती हळहळ सांगते.

मोहालीच्या सामन्यात परिस्थिती नेमकी उलट होती. तेथे सारे काही दिसत होते. किंबहुना डोळ्यांना दिसते त्याहूनही अधिक. सचिन तेंडुलकर 23 धावांवर असताना सईद अजमलच्या चेंडूवर पंचांनी त्यांना पायचीत ठरविले. तेंडुलकरांनी दाद मागितली. मग संगणकाने चेंडूचा पुढचा मार्ग रेखाटला. यष्टीपर्यंत न पोहोचलेला चेंडू चित्रात पुढे सरकला आणि लेग यष्टीच्या बाहेरून निघून गेला. निर्णय फिरला. त्यानंतर चार झेल सुटले आणि तेंडुलकरांनी 85 धावा केल्या. चंदीगडचाच युवराज सिंग घरच्या प्रेक्षकांसमोर पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. भारताने 29 धावांनी सामना जिंकला. परंतु त्या दुपारी कोट्यवधी माणसांनी श्वास रोखून जे पाहिले, त्यातील एक निर्णायक क्षण प्रत्यक्ष घडलेलाच नव्हता. तो संगणकाने काढलेल्या चित्रातील होता. पडद्यावरच्या चित्रातील चेंडू पाहून ज्यांचे हृदय धडधडले, त्यांनी पडद्यावरचाच खेळ पाहणाऱ्या मुलाला वेडा म्हणावे, हे फारसे न्याय्य नव्हे.

व्हिडिओ गेम पाहण्याचा इतिहासही वाटतो तितका कालपरवाचा नाही. 1972 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकावरील ‘स्पेसवॉर’ या खेळाची स्पर्धा झाली होती. या पाहण्याला राष्ट्रीय छंदाचे रूप मात्र दक्षिण कोरियात आले. तेथे 2000 साली केवळ अशा खेळांसाठी दूरदर्शन वाहिनी सुरू झाली, आणि 2004 मध्ये बुसान शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर एका अंतिम सामन्यासाठी सुमारे एक लाख लोक जमल्याचे सांगण्यात आले. इकडे अमेरिकेत जस्टिन कान या तरुणाने 2007 मध्ये टोपीला कॅमेरा लावून आपला सारा दिनक्रम इंटरनेटवर दाखविण्यास प्रारंभ केला. त्या दिनक्रमापेक्षा लोकांना अधिक गोडी लागली ती त्याच संकेतस्थळावर आपापला खेळ दाखविणाऱ्यांची. त्यातून 2011 मध्ये ‘ट्विच’ निघाले आणि 2014 मध्ये अ‍ॅमेझॉनने ते सुमारे 97 कोटी डॉलरना विकत घेतले.

भारतात हे लोण पोहोचले ते स्वस्त इंटरनेटच्या पाठीवरून. 2016 नंतर मोबाईलवर चलच्चित्रे पाहणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले, आणि 2018 मध्ये ‘पब्जी मोबाईल’ आला. शंभर खेळाडू रिकाम्या हातांनी एका बेटावर उतरतात आणि अखेरीस जो टिकतो तो जिंकतो, असा हा खेळ. मुंबईचे आदित्य सावंत ‘डायनॅमो’ या नावाने आणि नमन माथुर ‘मॉर्टल’ या नावाने तो खेळून दाखवू लागले, तेव्हा लाखो तरुण त्यांचे प्रेक्षक झाले. 2020 च्या टाळेबंदीत तर बुद्धिबळालाही हेच भाग्य लाभले. नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी आणि विनोदकार समय रैना यांच्या थेट प्रक्षेपणांनी, ज्यांना घोड्याची चालही धड ठाऊक नव्हती अशांना पटासमोर बसविले.

आता मूळ प्रश्न. यात आनंद कशाचा?

पहिला आनंद जाणकारीचा. हा खेळ पाहणारे अनेक जण तो स्वतःही थोडाफार खेळतात. जेथे आपला हात नेहमी चुकतो, तेथे निष्णात माणूस काय करतो हे पाहण्यात शिष्याचे कुतूहल असते. खासबागेत बसलेला तालमीतला पोऱ्या आणि मोबाईलसमोर बसलेला विद्यार्थी या बाबतीत सख्खे भाऊच होत.

दुसरा आनंद निर्णयाचा. पडद्यावरचे बेट खोटे, बंदूक खोटी, मरणही खोटे. परंतु खेळणाऱ्यासमोरचा पेच खरा असतो. येथे थांबावे की पुढे जावे, सोबत्याला वाचवावे की स्वतःला, याचा निकाल एका क्षणात लावावा लागतो, आणि तो कसा लागेल हे खुद्द खेळणाऱ्यालाही ठाऊक नसते. लिहून ठेवलेल्या कथेत लेखकाला शेवट माहीत असतो. येथे तो कोणालाच माहीत नाही. बुद्धिबळाच्या प्रक्षेपणात तर गंमत अशी की, पटाशेजारची संगणकी पट्टी कोणाची बाजू वरचढ हे सांगत असते. विजेत्याची चूक त्याच्या स्वतःच्या आधी नवख्या प्रेक्षकाला कळते, आणि तो खुर्चीतून अर्धवट उठतो.

तिसरा आनंद सोबतीचा, आणि कदाचित हाच सर्वांत मोठा. या प्रक्षेपणात पडद्याच्या कोपऱ्यात खेळणाऱ्याचा चेहरा दिसतो. तो सतत बोलत असतो. रेडिओच्या काळात खेळाडू आणि समालोचक ही दोन माणसे होती, ती येथे एकच झाली आहेत. शिवाय बाजूला प्रेक्षकांचे शब्द ओळीने वर सरकत असतात. खेळणारा ते वाचतो, उत्तर देतो, कोणाचे नाव घेऊन हसतो. कपिल देवला टनब्रिज वेल्सच्या गवतावरून भारतातील श्रोत्याशी बोलता आले नसते. येथे ते घडते. परगावी खोली घेऊन राहणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याला रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरातला बोलका आवाज हवा असतो. पुष्कळदा तो खेळ पाहत नसतो, त्या आवाजाच्या सोबतीने जेवत असतो.

या सोबतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती सोबत एकतर्फी असते. पाहणाऱ्याला खेळणाऱ्याच्या आवडीनिवडी पाठ असतात, पण खेळणाऱ्याला लाखांतून एक नावही स्मरत नाही. आपले नाव एकदा उच्चारले जावे म्हणून पैसे पाठविणारेही असतात. सामन्याला जसा शेवटचा चेंडू असतो, तसा या प्रक्षेपणांना नसतो. एक संपले की दुसरे तयार असते. मैदान रिकामे झाल्यावर बघ्याला घरी जावेच लागे. आता बघ्या घरीच असतो, आणि उठण्याची वेळ त्याने स्वतःच ठरवावयाची असते.

बघ्याच्या या जबाबदारीचे भान भारतीय परंपरेने फार पूर्वी दिलेले आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने पात्राच्या सुखाने सुखावणारा आणि दुःखाने दुःखी होणारा प्रेक्षक आदर्श मानला. परंतु महाभारतातील द्यूतसभेत सारी सभा खेळ पाहत बसली, आणि ते निमूट पाहणेच तिचा दोष ठरले. खेळ तोच, एके ठिकाणी पाहणारा रसिक, दुसऱ्या ठिकाणी अपराधी. फरक पडला तो पणाने. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने ई-क्रीडेला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, त्यामागेही खेळ आणि जुगार यांतील हाच जुना भेद आहे.

तेव्हा दुसऱ्याचा खेळ पाहणारे मूल आळशीच असते असे मानण्याचे कारण नाही, आणि ते नेहमी काही शिकतच असते असेही नाही. कसोटी सोपी आहे. त्याच्या शेजारी बसून विचारावे, ‘आत्ता त्याने असे का केले?’ मूल डोळे लावून डाव समजावून सांगू लागले, तर ते रसिक आहे. उत्तर आले नाही, तर त्याला खेळ नको असून सोबत हवी आहे. ती सोबत देणे शेजारी बसलेल्याला सहज शक्य असते. मोहालीच्या त्या दुपारी दोन पंतप्रधानांनी तरी दुसरे काय केले? सामना त्यांना जिंकता येत नव्हता, हरता येत नव्हता. ते शेजारी बसून एकच खेळ पाहत होते.