भाजी कातर रे, भाजी

पणजीत जुन्या सचिवालयाला लागून आबे फारियाचा पुतळा आहे. दोन्ही हात पुढे केलेला पाद्री आणि त्याच्यासमोर कलंडलेली बाई. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला हा पुतळा १९४५ सालचा. आम्ही कारकून मंडळी रोज त्याच्या समोरून जातो, पण मान वर करून बघतो कोण?

गेल्या वर्षी मात्र बघावं लागलं. आमचा चिरंजीव नववीत असताना बोलेनासा झाला. दार लावून बसायचा. मी ओरडलो की आणखी गप्प. शेवटी एका मित्राने समुपदेशक बाईंचं नाव सुचवलं. गोव्यात 'संगाथ'सारखी संस्था १९९६ पासून या क्षेत्रात आहे, बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्यांना सल्लाही दिला असता. पण स्वतः जायची वेळ आली तेव्हा ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून स्कूटर दोन गल्ल्या अलीकडे लावली.

मला वाटलं, बाई मुलाला आत नेतील आणि तासाभरात दुरुस्त करून हाती देतील. त्यांनी त्याला बाहेर बसवलं आणि आम्हा नवरा-बायकोला आत बोलावलं. विचारलं, "तो तुमच्याशी शेवटचं मनापासून कशाबद्दल बोलला?" मला आठवेना. रागच आला. पैसे मोजून मुलाला आणलं, आणि चौकशी आमची!

त्या संध्याकाळी पुतळ्यापाशी थांबलो आणि मग फारियाविषयी मिळेल ते वाचलं. जन्म १७५६ चा, कांदोळीचा. आईवडिलांचं पटलं नाही. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात गेली. १७७१ साली वडील त्याला घेऊन लिस्बनला पोहोचले तेव्हा तो पंधरा वर्षांचा, म्हणजे आमच्या चिरंजीवाच्याच वयाचा होता.

पुढची दंतकथा गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. राजदरबारच्या मंडळींसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. तेव्हा बाप कोकणीत पुटपुटला: ही सगळी भाजी, कातर रे भाजी! पोरगा धडाधड बोलू लागला. खरं-खोटं देव जाणे.

हाच फारिया १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागला. मेस्मरच्या पंथाचे लोक म्हणत, प्रयोग करणाऱ्याकडून एक अदृश्य प्रवाह वाहतो. फारिया म्हणाला, तसं काही नाही. झोप येते ती झोपणाऱ्याच्याच मनातून. लोकांनी त्याला भोंदू ठरवलं. १८१९ साली त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी तो गेला. पुढे बर्नहाइमसारख्या डॉक्टरांनी त्याचं श्रेय मान्य केलं. बाईंनी मुलावर कसलीच जादू का केली नाही, हे मला त्या पाद्र्याकडून कळलं.

आम्ही जात राहिलो. तिसऱ्या खेपेपासून स्कूटर दारातच लावू लागलो.

मग एका रात्री चिरंजीव स्वतःहून बाहेर आला. "पप्पा, उद्या वर्गासमोर बोलायचंय. भीती वाटते."

'त्यात काय घाबरायचं' हे वाक्य ओठांवर आलं होतं, ते गिळलं. पाऊण तास नुसतं ऐकलं. फारियाची गोष्ट शेवटी सांगितली.

"म्हणजे सरसुद्धा भाजी?"

"सरसुद्धा."

"कुठली?"

"दुधी," मी म्हटलं.

कितीतरी महिन्यांनी तो खदखदून हसला.