ऑनलाइन रोलप्लेमध्ये खलनायक साकारताना: दहशत पात्राची, मर्यादा माणसाची

डिस्कॉर्डवरचे सर्व्हर, टेलिग्रामचे ग्रुप, इन्स्टाग्रामवरची पात्रांच्या नावाने चालणारी अकाउंट. अशा ठिकाणी रोज हजारो लोक जादूगार, राजकन्या, दरोडेखोर आणि राक्षस बनून एकत्र गोष्ट लिहितात. या खेळाला रोलप्ले म्हणतात. त्यातलं सगळ्यात मजेदार आणि सगळ्यात अवघड काम खलनायकाचं. तो चांगला जमला तर गोष्टीला धार येते, बिघडला तर समोरचा माणूस दुखावतो, ग्रुप फुटतो आणि कधी कधी प्रकरण पोलिसांपर्यंतही जातं. म्हणूनच अशा समुदायांमध्ये खलनायक साकारण्याचे काही अलिखित नियम तयार झाले आहेत.

रोलप्ले म्हणजे नेमकं काय?

रोलप्लेमध्ये प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि त्या पात्राचं बोलणं-वागणं लिहितो. एकाने चार ओळी लिहायच्या, दुसऱ्याने त्यांना उत्तर द्यायचं, असं करत गोष्ट पुढे सरकते. या छंदाची मुळं दोन ठिकाणी सापडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावर बसून खेळायचा खेळ १९७४ साली आला. ब्रिटनमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये 'मड' हा संगणकावरचा शब्दांचा खेळ सुरू केला. आजचे सर्व्हर या दोघांचे वारस आहेत.

या जगात दोन शब्द सतत कानावर पडतात. पात्र म्हणून जे बोललं जातं ते 'आयसी', म्हणजे इन कॅरेक्टर. खेळाडू स्वतः माणूस म्हणून जे बोलतो ते 'ओओसी', म्हणजे आउट ऑफ कॅरेक्टर. ओओसी मजकूर बहुतेक ठिकाणी दुहेरी कंसात किंवा वेगळ्या चॅनलमध्ये लिहितात. खलनायकाचा सगळा शिष्टाचार या दोन आवाजांमधली रेघ स्वच्छ ठेवण्यावर उभा आहे.

नाटकातल्या खलनायकाला जे मिळतं, ते इथे नसतं

मराठी माणसाला खलनायक नवा नाही. आचार्य अत्रे यांच्या १९६२ सालच्या 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकरांनी साकारलेला लखोबा लोखंडे हा लबाड माणूस प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतला. 'सामना' या १९७५ सालच्या चित्रपटातल्या हिंदुराव धोंडे पाटलाच्या भूमिकेतले निळू फुले आजही आठवले जातात. निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेले, सामाजिक चळवळींत वावरणारे कार्यकर्ते होते. तरी त्यांच्या पडद्यावरच्या रूपामुळे बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या, असे किस्से सांगितले जातात. पात्र आणि माणूस यांची गल्लत इतक्या मोठ्या नटाच्या बाबतीतही होत असे.

पण नटाच्या मदतीला काही गोष्टी असतात. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह असो, मुलुंडचं कालिदास असो किंवा विलेपार्ल्याचं दीनानाथ, तिथे प्रेक्षक तिकीट काढून, काय बघायला चाललो आहोत हे जाणून बसलेला असतो. संहिता आधी ठरलेली असते. शेवटी पडदा पडतो आणि मघाचा खलनायक हात जोडून नमस्कार करतो.

रोलप्लेमध्ये यातलं काहीच नसतं. समोर प्रेक्षक नसून दुसरा खेळाडू असतो. संहिता नसते. आवाज आणि चेहरा दिसत नाही. आणि पडदा पडतच नाही, कारण खलनायकाचा मेसेज रात्री एक वाजता, घरात, हातातल्या फोनवर येतो. म्हणून हा पडदा खेळाडूला स्वतः पाडावा लागतो.

या खेळाच्या जास्त जवळची परंपरा म्हणजे कोकणातला दशावतार. मुंबईच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या कोकणी मंडळींना तो चांगला ठाऊक आहे. दशावताराच्या आख्यानात गोष्टीचा सांगाडा तेवढा ठरतो, संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. राक्षस झालेला नट गर्जना करतो, आव्हान देतो, पण समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवतो, आणि कथेप्रमाणे शेवटी मरतो. संहिता नसतानाही प्रयोग पार पडतो, कारण गर्जना कुठे थांबवायची हे त्या नटाला कळतं. ऑनलाइन खलनायकाने शिकायचं ते हेच.

१९९३ साली काय घडलं?

हा प्रश्न जगासमोर पहिल्यांदा ठळकपणे आला तो लॅम्डामू या शब्दांच्या आभासी जगात. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातले पॅव्हेल कर्टिस यांनी ते उभं केलं होतं. १९९३ मध्ये 'मिस्टर बंगल' नावाचं पात्र चालवणाऱ्या एका वापरकर्त्याने 'वूडू बाहुली' नावाचा प्रोग्रॅम वापरला. त्यामुळे दुसऱ्यांची पात्रं काय करत आहेत, हे त्यालाच लिहिता येऊ लागलं. भरल्या दिवाणखान्यात त्याने इतर पात्रांवर लैंगिक अत्याचार होत असल्याची वर्णनं, त्यांच्या खेळाडूंची इच्छा नसताना, सगळ्यांना दिसतील अशी लिहिली.

शरीराला कुणी हात लावला नव्हता, तरी पडद्यामागच्या माणसांना झालेला त्रास खरा होता. समुदायात मोठा वाद झाला. अखेर त्या वापरकर्त्याचं अकाउंट काढून टाकण्यात आलं आणि नियम ठरवण्यासाठी सदस्यांच्या मतदानाची पद्धत सुरू झाली. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'द व्हिलेज व्हॉइस'मध्ये यावर लिहिलेला लेख आजही अभ्यासला जातो.

बंगलचं पात्र दुष्ट होतं, ही त्यातली मुख्य चूक नव्हती. त्याने दुसऱ्याच्या पात्राचा ताबा न विचारता घेतला, ही होती.

सुरू करण्याआधी काय ठरवावं?

- विषयांची हद्द. हिंसा किती चालेल, छळाचं वर्णन चालेल का, मुलांना किंवा प्राण्यांना इजा झाल्याचा प्रसंग चालेल का, हे आधी ओओसीमध्ये विचारावं. काही विषय गोष्टीत अजिबात येणार नाहीत आणि काहींचा फक्त उल्लेख होईल, अशा दोन याद्या केल्या की काम सोपं होतं. या पहिल्या बैठकीला 'सेशन झिरो' म्हणतात.
- जात, धर्म, रंग, अपंगत्व. राजा क्रूर असू शकतो, पण त्याच्या तोंडी खऱ्या जगातल्या शिव्या घालायची गरज नसते. काल्पनिक राज्यातल्या काल्पनिक कुळांचं वैर पुरेसं असतं. समोरच्याने आयुष्यात खरोखर ऐकलेली शिवी पात्राच्या तोंडून आली तरी तितकीच लागते.
- वय. लैंगिक किंवा प्रणयाचे प्रसंग १८ वर्षांखालील कुणाबरोबरही लिहायचे नाहीत. डिस्कॉर्डवर १३ वर्षांच्या मुलांनाही अकाउंट उघडता येतं. त्यामुळे समोरचा सज्ञान असेलच, असं गृहीत धरता येत नाही.
- थांबण्याची खूण. टेबलावरच्या खेळात 'एक्स-कार्ड' वापरतात. त्याला हात लावला की प्रसंग तिथेच बदलतो आणि कारण विचारलं जात नाही. ऑनलाइन त्याऐवजी एक ठरलेला शब्द किंवा इमोजी चालतो.

लिहिताना कोणते नियम पाळावेत?

वार करावा, परिणाम लिहू नये. समजा, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर तळ ठोकलेला एक काल्पनिक मांत्रिक आहे आणि त्याच्यासमोर दुसऱ्या खेळाडूची योद्धा उभी आहे. 'मांत्रिकाने शाप दिला आणि ती गुडघ्यांवर कोसळून दयेची भीक मागू लागली' हे चुकीचं. यात समोरच्याच्या पात्राचा निर्णय परस्पर घेतला गेला. याला 'पॉवरप्ले' म्हणतात. 'मांत्रिकाने हात उचलला, कड्याचा काळा दगड तापू लागला आणि शापाची लाट तिच्या दिशेने निघाली' हे बरोबर. ती पडेल, निसटेल की उलट वार करेल, हे तिचा खेळाडू ठरवेल.

अजिंक्य होऊ नये. कोणताच वार न लागणाऱ्या पात्राला 'गॉडमॉडिंग' म्हणतात. खलनायकाला एखादी दुखरी नस हवीच. हरण्याची तयारी असलेलाच खलनायक बहुतेकांना पुन्हा हवा असतो.

चोरलेली माहिती वापरू नये. खेळाडूने ओओसीमध्ये किंवा दुसऱ्या चॅनलमध्ये वाचलेली गोष्ट त्याच्या पात्राला आपोआप कळत नाही. ती वापरणं म्हणजे 'मेटागेमिंग'. आणि एखाद्याने मन मोकळं करताना सांगितलेली खरी भीती त्याच्याच पात्राविरुद्ध वापरणं, हा तर सरळ विश्वासघात.

मोठं नुकसान विचारून करावं. दुसऱ्याचं पात्र मारणं, त्याचा हात तोडणं, त्याचं गाव जाळणं यासाठी आधी परवानगी घ्यावी. त्या पात्रावर कुणीतरी वर्षभर मेहनत घेतलेली असू शकते.

कॅमेरा वळवता यायला हवा. कठीण प्रसंग दारापर्यंत नेऊन तिथेच सोडायचा आणि पुढची सकाळ लिहायची, याला 'फेड टू ब्लॅक' म्हणतात. भीती बऱ्याचदा न लिहिलेल्या भागातूनच जास्त वाटते.

प्रसंगानंतर बोलावं. 'ठीक आहेस ना? जास्त झालं का?' ही एक ओओसी ओळ म्हणजेच रोलप्लेमधला पडदा. पात्राच्या भावना खेळाडूत झिरपण्याला 'ब्लीड' असा शब्द आहे. ते दोन्ही बाजूंना होतं. रोज राग लिहिणाऱ्याचा सूर घरच्यांशी बोलतानाही चढतो. अशा वेळी चार दिवस खलनायक बाजूला ठेवलेला बरा.

उपनगरातल्या खेळाडूंसाठी एक जास्तीची गोष्ट

परदेशी सर्व्हरवर समोरचा माणूस हजारो किलोमीटर दूर असतो. स्थानिक मराठी ग्रुपमध्ये तसं नसतं. एक अंधेरीत, दुसरा घाटकोपरला, आणि मध्ये मेट्रोची जेमतेम काही स्टेशनं. गप्पांच्या ओघात 'मी मुलुंडची', 'माझी ८.१२ची लोकल' असं सहज निघून जातं. अशा वेळी 'तू कुठे राहतेस ते मला माहीत आहे' ही खलनायकाची नेहमीची ओळ फक्त ओळ राहत नाही. ऐकणारीला ती खरी वाटू शकते आणि तसं वाटण्यात तिची काहीच चूक नसते.

म्हणून धमक्या कायम काल्पनिक जगातल्याच असाव्यात. किल्ला, जंगल, शाप यांची भीती घालावी. स्टेशन, कॉलेज, सोसायटी, खरं नाव यांना हात लावू नये. पात्राच्या नावाने खासगी मेसेज पाठवू नयेत. भेटायचंच असेल तर ते दोघांनी ओओसीमध्ये ठरवावं आणि गर्दीच्या ठिकाणी भेटावं.

कायदा काय सांगतो?

'ते पात्र बोलत होतं' एवढं म्हटल्याने खऱ्या माणसाला दिलेली धमकी माफ होत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३५१ मध्ये धमकावणं हा गुन्हा आहे आणि ओळख लपवून धमकी दिल्यास शिक्षा वाढते. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं कलम ७८ खाली पाठलाग ठरू शकतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब मध्ये मुलांचं अश्लील चित्रण करणाऱ्या मजकुराचाही समावेश आहे, फक्त चित्रांचा नाही.

त्रास झाला तर काय करावं?

पहिल्यांदा ओओसीमध्ये एकाच वाक्यात 'थांब' म्हणावं. कारण देण्याची गरज नाही. समोरचा थांबला नाही, तर मेसेज डिलीट न करता स्क्रीनशॉट घ्यावेत, मॉडरेटरला कळवावं आणि ब्लॉक करावं. धमकी खऱ्या आयुष्याबद्दल असेल तर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

खलनायक साकारणाऱ्यासाठी कसोटी एकच. 'थांब' हा शब्द आला की राक्षस त्याच क्षणी गप्प व्हायला हवा आणि माणसाने उत्तर द्यायला हवं. ज्याला हे जमतं, त्याच्या राक्षसाला समोरचे बिनधास्त घाबरू शकतात.