‘ड्रेडनॉट’ : एका शब्दाची वाटचाल

‘ड्रेड’ म्हणजे भिणे आणि ‘नॉट’ म्हणजे काहीही नाही. या दोन पदांच्या समासातून इंग्रजीतील ‘ड्रेडनॉट’ हा शब्द सिद्ध झाला. अर्थाने आपला ‘बेडर’ त्याच्या अगदी जवळचा. घडण मात्र वेगळी आहे. ‘पाकीटमार’सारख्या मराठी समासात कर्म आधी येते व क्रिया मागून, इंग्रजी समासात क्रियापदच आघाडीला उभे राहते. त्यामुळे त्यात आज्ञेचाही सूर ऐकू येतो.

पहिल्या एलिझाबेथच्या आरमारातील एका जहाजाला १५७३ मध्ये हे नाव लाभले आणि पुढे ते एका जहाजाकडून दुसऱ्याकडे वारशाने जात राहिले. वादळवाऱ्याला न जुमानणाऱ्या जाड लोकरी डगल्यालाही ते मिळाले. १८०५ मध्ये ट्रॅफल्गारला लढलेले ‘ड्रेडनॉट’ तर १८३१ पासून ग्रिनिच येथे खलाशांचे तरंगते रुग्णालय झाले. शब्दाचे हे सौम्य रूप कोशवाचकांच्या सहसा लक्षात येत नाही.

१० फेब्रुवारी १९०६ रोजी पोर्ट्समथ येथे सातव्या एडवर्डने नव्या ‘ड्रेडनॉट’चे जलावतरण केले आणि शब्दाची जातच पालटली. आधीच्या युद्धनौकांवर बहुधा चारच बारा-इंची तोफा असत. हिच्यावर दहा होत्या. वाफेच्या टर्बाइनमुळे तिचा वेग ताशी २१ सागरी मैल झाला. कळलाव्याला आपण ‘नारद’ म्हणतो, त्याच न्यायाने विशेषनामाचे सामान्यनाम झाले: जर्मनी, अमेरिका, जपान, कोणाचीही तशी नौका ‘ड्रेडनॉट’च. याहून अर्थपूर्ण शब्द ‘प्री-ड्रेडनॉट’ हा होय. संख्येने सर्वांत मोठे ब्रिटिश आरमार या एका उपसर्गाने जुनाट ठरले आणि जर्मनीला शर्यत जणू नव्याने सुरू करता आली. १९०९ मध्ये ब्रिटिश जनमत आठ ड्रेडनॉटांसाठी हट्ट धरून बसले, तेव्हा निर्भयतेचा हा शब्द भयाचे माप झाला होता.

त्या नावाची थट्टाही झाली. १९१० मध्ये ॲबिसिनियाच्या राजपुरुषांचे सोंग घेऊन काही तरुण मंडळी त्या नौकेवर मानाने फिरून आली. त्यांत पुढे व्हर्जिनिया वुल्फ म्हणून कीर्ती पावलेली लेखिकाही होती.

प्रत्यक्ष नौका १९१६ च्या जटलंडच्या लढाईत नव्हतीच. मार्च १९१५ मध्ये धडक देऊन एक जर्मन पाणबुडी बुडविली, एवढाच तिचा मोठा पराक्रम. पुढे ती मोडीत गेली. १९६० मध्ये ब्रिटनने आपल्या पहिल्या अणुशक्तीवरील नौकेला हेच नाव दिले, आणि ती पाणबुडी होती.