बेंजो, भोंगा आणि नक्कल करणारी यंत्रं

आजचा विषय गिटारच्या आवाजाचा, आणि व्याख्यान राजूरला. इथे गिटार वाजवतं कोण, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. पण 'बेंजो कोणकोण वाजवतं?' असं विचारलं तर या पंचक्रोशीत बरेच हात वर होतील. राजूर साडेतीन गणेशपीठांपैकी एक मानलं जातं. अंगारकीला इथे किती गर्दी होते ते मी तुम्हाला सांगायला नको. मिरवणूक, वरात, विसर्जन म्हटलं की जालना-भोकरदनच्या पट्ट्यात बेंजो पार्टी ओघानं आलीच. विजेवर चालणाऱ्या तंतुवाद्याचा इतिहास आपण नेहमी गिटारच्या बाजूनं वाचतो. आज तो बेंजोच्या बाजूनं वाचू.

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या बँजोशी नावापुरताच संबंध. आपलं वाद्य जपानचं. नागोया शहरात 1912 साली मोरिता गोरो यांनी 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली होती, म्हणून हे नाव. लांबट लाकडी पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते आपल्याकडे आलं आणि 'बुलबुल तरंग' झालं. तिकडे बलुचिस्तानात त्याचंच 'बेंजू' झालं. आवाज नाजूक, घरात बसून ऐकायचा. मग रस्त्यावरच्या ढोल-ताशापुढे ते टिकलं कसं? तारेखाली पिकअप बसवला म्हणून. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते. इलेक्ट्रिक गिटारचं तत्त्व अगदी हेच.

आता ही वीज जाते कुठे? आपल्याकडे ती जायची साऊंड सर्व्हिसवाल्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये आणि तिथून भोंग्यात. भोंगा बनवला आहे भाषणासाठी आणि घोषणांसाठी, म्हणजे माणसाचा शब्द लांबवर कळावा एवढ्यासाठी. त्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही. मधला पट्टा मात्र टोकदार होऊन बाहेर पडतो. त्यात मिरवणुकीतला ॲम्प्लिफायर कायम शेवटपर्यंत पिळलेला. यंत्राची ताकद संपली की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात आणि मुळात नसलेले उपस्वर त्यात शिरतात. आपण म्हणतो, आवाज फाटला. गिटारवाले याच फाटण्याला 'डिस्टॉर्शन' म्हणतात आणि त्यासाठी हजारो रुपये मोजतात. (हशा)

हसू नका, त्यांचा इतिहासही असाच बिघाडातून सुरू झालाय. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते आणि मिक्सिंगच्या टेबलातला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला. आवाज फाटका आला. तो तसाच ठेवला आणि गाणं गाजलं. तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच बिघाड मुद्दाम करणारं सर्किट तयार केलं. गिब्सन कंपनीनं 1962 मध्ये ते मॅस्ट्रो फझ-टोन नावानं बाजारात आणलं. जाहिरात काय, तर तुमच्या गिटारमधून ट्रॉम्बोन काढा, चेलो काढा! ट्रॉम्बोन काही कुणाला ऐकू आला नाही. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी तो फझ वापरला तोसुद्धा पितळी वाद्यांची जागा दाखवायला, कच्चा खर्डा म्हणून. तोच खर्डा जगभर वाजला.

मला यात एक धागा दिसतो. यंत्र नक्कल करायला बनवलं जातं, नक्कल फसते, आणि त्या फसण्यातून नवा आवाज निघतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबईचं आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले गिटार आणि बेस गिटार वाजवणारे वादक. रोलँड या जपानी कंपनीनं 1981 मध्ये टीबी-303 नावाचं छोटं यंत्र काढलं. उद्देश साधा : एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला सोबत म्हणून बेस गिटारची नक्कल. नक्कल इतकी वाईट की 1984 पर्यंत यंत्र बंदच झालं. पण मधल्या काळात, 1982 साली, चरणजित सिंग यांनी ते यंत्र, 808 हे तालयंत्र आणि एक सिंथेसायझर जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड फारशी खपली नाही. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या तरुणांनी तेच यंत्र पिळून 'ॲसिड हाऊस' नावाचं संगीत उभं केलं. 2010 मध्ये मुंबईची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा लोक चाट पडले : हे तर आधीच झालं होतं! बेस गिटार ज्याच्या हातात मुरलेली, त्यानं त्या यंत्राला बेस गिटार म्हणून वापरलंच नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता डिजिटल मॉडेलरकडे येऊ. ॲम्प्लिफायरची हुबेहूब नक्कल आकड्यांतून करायची, ही याची कल्पना. 1995 मध्ये रोलँडचं व्हीजी-8 आलं, 1996 मध्ये लाइन 6 कंपनीचा मॉडेलिंग ॲम्प्लिफायर, 1998 मध्ये त्यांचाच राजम्याच्या दाण्यासारखा लाल पॉड. 2011 च्या केंपर यंत्रानं आणखी पुढची गोष्ट केली : तुमच्या समोरचा ॲम्प्लिफायर ऐकून त्याचा ठसा घ्यायचा. आपल्याकडे या सगळ्या जातीला 'प्रोसेसर' म्हणतात, आणि आज बेंजोवालेही ते सर्रास लावतात.

पण त्या प्रोसेसरमधली यादी उघडून बघा. फेंडर, मार्शल, व्हॉक्स. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करायचे. जिम मार्शल यांचं लंडनमध्ये ड्रमचं दुकान होतं. 1962 मध्ये त्यांनी फेंडरचाच एक नमुना समोर ठेवून आपला ॲम्प्लिफायर बनवला. म्हणजे तुमच्या गावातल्या साऊंड सर्व्हिसवाल्यासारखीच माणसं, सोल्डरिंग करून पोट भरणारी. त्यांच्या दुकानातला प्रत्येक दोष, प्रत्येक गुणगुण आज आकड्यांत जपून ठेवली आहे. भोंगा मात्र त्या यादीत नाही. फार तर 'मेगाफोन' नावाचा एक इफेक्ट सापडतो, आणि तोही गंमत म्हणून.

ही तक्रार करून थांबायचं कारण नाही, कारण ठसा घेण्याचं तंत्र आता कंपन्यांच्या हातात राहिलेलं नाही. दोन रस्ते आहेत. पहिला, इम्पल्स रिस्पॉन्स. खर्जापासून तारेपर्यंत चढत जाणारा एक सूर भोंग्यातून वाजवायचा, समोर माइक ठेवून तो ध्वनिमुद्रित करायचा आणि संगणकाकडून भोंग्याचा गुणधर्म वेगळा काढून घ्यायचा. हाती येते एक चिमुकली वेव्ह फाईल. 2048 नमुन्यांची धरली तर सेकंदाला 48000 नमुन्यांच्या हिशेबानं जेमतेम 43 मिलिसेकंदांची. ती बहुतेक मॉडेलरमध्ये स्पीकरच्या जागी बसते. पण एक ध्यानात ठेवा, यात भोंग्याचा आकार येतो, त्याचं फाटणं येत नाही. फाटणं हवं असेल तर दुसरा रस्ता : न्यूरल ॲम्प मॉडेलर, स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी लिहिलेला, फुकट आणि खुला. काही मिनिटांचा ठरावीक आवाज यंत्रातून पाठवायचा, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं हे दोन्ही संगणकाला द्यायचं, तो फरक शिकतो.

आणि एकदा ठसा मिळाला की तो सरळ वापरू नका! गिटारच्या स्पीकरमधून साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं येत नाही, म्हणून शिकवणारे सांगतात की फाटलेला आवाज स्पीकरच्या ठशाशिवाय सोडू नये, कानाला टोचतो. सोडून बघा. डिले हा डिस्टॉर्शनच्या नंतर लावायचा असा दंडक आहे. तो आधी लावा, म्हणजे प्रत्येक पडसाद पुढच्या सुरात मिसळून फाटेल, जसा मिरवणुकीत समोरच्या भिंतीवरून परतणारा आवाज पुन्हा बेंजोवाल्याच्या माइकमध्ये शिरतो तसा. बेंजोची तार भोंग्याच्या ठशातून काढा आणि मग ती मार्शलमध्ये घाला. उलटंही करा.

घाई एवढ्याचसाठी की मिरवणुकीत आता डीजेच्या भिंती आल्या आणि जुने ॲम्प्लिफायर भंगारात किलोवर चाललेत. अनेकांची युनिटं जळालेली आहेत, तेवढी बदलून घ्यावी लागतील. पण ज्या ॲम्प्लिफायरला तीस-तीस वर्षांची धूळ लागली आहे त्याची दुरुस्ती करू नका, आहे तसाच मुद्रित करा, त्याचा हंग्या आवाजसुद्धा. तपासणीचा सूर दहा-पंधरा सेकंदांचा असतो. तेवढा वेळ आसपास पूर्ण शांतता लागते, तेव्हा अंगारकीचा दिवस सोडून कुठलाही निवडा.