अजिंठ्याची चित्रे आणि मुंबई कलाशाळेची झिलईदार भांडी

मराठवाड्याच्या कलेतिहासात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचा उल्लेख वारंवार येतो; परंतु त्याच चित्रांतील आकृती मुंबईत मातीच्या भांड्यांवर उतरल्या, याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. ऐतिहासिक साधन म्हणून या भांड्यांचे मूल्य कितपत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत १८७० च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या पुढाकाराने कुंभारकाम सुरू झाले. झिलईची परंपरा सिंधमध्ये, विशेषतः हाला येथे, नांदत होती. मुंबईने कसब तेथूनच घेतले. आपला रांजण सच्छिद्र, म्हणून पाणी गार ठेवणारा. या भांड्यांवर मात्र पांढऱ्या मातीचा लेप, रंगकाम आणि वर काचेसारखी झिलई असे. सिंधी वळणाच्या निळ्या वेलबुट्टीच्या जोडीला अजिंठ्याच्या आकृतीही सुरया व फुलदाण्यांवर आल्या. कारण उघड आहे. १८७२ ते १८८५ या काळात याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह तत्कालीन निजाम राज्यातील या लेण्यांत प्रतिकृती करीत होते.

रॉबर्ट गिल यांच्या आधीच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्याही अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे जळाल्या. मग भांड्यांना त्यांची जागा देता येईल काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, नाही. भांड्याच्या गोलाईसाठी आकृती ताणावी लागते. जातकातील प्रसंग सुटतो, नक्षी उरते. ही भांडी अजिंठ्याचा नव्हे, तर मुंबईने अजिंठ्यात काय पाहिले त्याचा पुरावा आहेत.

याच सुमारास, १८८२ पासून, स्कॉटलंडमधील कर्कॉल्डी येथे ‘वीम्स’ नावाची चित्रित भांडी घडू लागली. तेथेही हात बाहेरचा, बोहेमियातून आलेल्या कारेल नेकोला यांचा. गुलाब आणि चेरी रंगविणाऱ्या नेकोलांचे नाव मात्र टिकले. पुत्र जोसेफ यांनी ते काम पुढे डेव्हनमध्ये चालविले. मुंबईची भांडी प्रायः टेरी यांच्या वा शाळेच्या नावाने ओळखली जातात, चाकावरच्या हातांच्या नव्हे. ‘कलाशाळा’ या शब्दाने कुंभार झाकला जावा, हे खटकते.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असे नमुने आहेत. त्यांवरील एकेक आकृती ग्रिफिथ्स यांच्या १८९६-९७ च्या ग्रंथातील चित्रफलकांशी ताडून पाहिल्यास कोणत्या लेण्यातील काय उचलले आणि काय गाळले, हे निश्चित करता येईल.