कंबरदुखीच्या संशोधनाची हकीकत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही लढायांचा किंवा राजांचा विषय न घेता कंबरदुखीचा घेतला. याचे कारण साधे आहे. गेली तीस वर्षे आमचा वावर हमालांत आहे. त्यांच्या मजुरीचे हिशेब आम्ही जितक्या वेळा केले, तितक्याच वेळा त्यांच्या कमरेची गाऱ्हाणीही ऐकली. आमचे शाळेतले शिक्षण अपुरे राहिले. जे वाचले ते नगरवाचनालयात, आणि वैद्यकाचे इंग्रजी निबंध वाचले ते एका डॉक्टर स्नेह्यास शेजारी बसवून. तेव्हा आम्ही येथे वैद्य म्हणून उभे नाही. ज्यांच्या पाठीवर गावाचे धान्य येते, त्यांचा चिटणीस म्हणून उभे आहोत.

कधी उसण भरली नाही असा गृहस्थ या सभेत क्वचितच सापडेल. खेड्यात उसण भरली की पायाळू माणसाचा शोध होतो. त्याने कमरेस पाय लावला की उसण जाते असा समज आहे. आणि गंमत अशी की ती पुष्कळदा खरोखरच जाते. कारण नव्याने उद्भवलेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपणहून पुष्कळशी उतरते. मग त्या दिवसांत जो उपाय केला असेल त्यास यश मिळाल्यासारखे दिसते. तो पायाळूचा पाय असो, लेप असो, की इस्पितळात कमरेस वजन लावणे असो. या फुकटच्या यशातून खरा उपाय निवडून काढावयास वैद्यकास फार काळ लागला. त्या काळाचीच ही हकीकत आहे.

तिचा आरंभ आम्ही 1700 सालापासून धरतो. त्या वर्षी इटलीतील मोदेना शहरी बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याचा कामकऱ्यांच्या रोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. घरचा मैलाखड्डा उपसणाऱ्या मजुराचे हाल पाहून त्यास हा विषय सुचला. ओझी वाहणारे, दिवसभर उभे राहणारे, दिवसभर बसून काम करणारे, अशा सर्वांचा विचार त्याने केला. रोग्यास नेहमीचे प्रश्न विचारून झाले की, तू धंदा कोणता करतोस, हेही वैद्याने विचारावे, असे त्याचे सांगणे होते. हा प्रश्न श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे कित्येक वर्षे तो हरवलेला दिसेल.

एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली आणि अपघात आले. बाहेरून जखम दिसत नाही, परंतु पाठ दुखते, झोप येत नाही, असे उतारू इंग्लंडातील न्यायालयांत नुकसानभरपाई मागू लागले. 1866 साली जॉन एरिक एरिकसन या लंडनच्या शल्यवैद्याने, गाडीच्या धक्क्याने मज्जारज्जूस इजा होते, असे मत मांडले. 1883 साली हर्बर्ट पेज यांनी ते खोडून काढले. यातील पुष्कळ दुखणे मनाला बसलेल्या धक्क्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे. हे पेज एका रेल्वे कंपनीचे शल्यवैद्य होते, हेही सांगितले पाहिजे. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य होते. परंतु या वादापासून पाठीचे दुखणे दवाखान्यातून कचेरीत गेले. दुखणाऱ्या माणसाकडे, हा खरा की ढोंगी, अशा नजरेने पाहण्याची चाल पडली.

उपचाराची दिशाही याच सुमारास ठरली. 1863 साली जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदना या विषयावरील व्याख्याने ग्रंथरूपाने निघाली. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी तर विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ असावी असा नियमच घातला. क्षयाने किडलेल्या सांध्यास किंवा मोडलेल्या हाडास हा नियम उपकारक होता. तोच पुढे साध्या कंबरदुखीस लागू झाला आणि रोगी खाटेवर गेला. कंबरदुखीस तो लागतो की नाही, हे मात्र शतकभर कोणी नीट ताडून पाहिले नाही.

यानंतर 1934 साल येते. क्ष-किरण 1895 सालीच सापडले होते. परंतु त्यांत हाडे दिसतात, दोन मणक्यांमधली मऊ चकती दिसत नाही. बॉस्टनचे विल्यम जेसन मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी 1934 मध्ये 19 रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. ज्या गाठी पूर्वी अर्बुद म्हणून कापल्या जात, त्यांतील पुष्कळ म्हणजे फुटून बाहेर आलेली चकतीच होय, आणि ती मज्जातंतूवर दाबली की पायात कळ उतरते, हे त्यांनी दाखविले. शोध मोठा होता आणि खराही होता. पण एका खऱ्या शोधाने दुसऱ्या चुकीस वाट करून दिली. ज्यांच्या पायात कळ नाही, तंतूवर दाब नाही, अशांच्याही कमरेचा दोष चकतीवर टाकला जाऊ लागला. ‘गादी सरकली’ हा शब्द आमच्या हमालवाड्यापर्यंत आला, आणि तो ज्याच्या कानी पडला त्यास आपली पाठ कायमची मोडली असे वाटू लागले.

येथे आम्हांस आमच्या पदरची एक चूक सांगावयाची आहे. 1996 साली आमच्या एका चाळिशीतल्या सभासदास गाडी खाली करताना उसण भरली. डॉक्टरांनी तीन आठवडे निजून राहावयास सांगितले. आम्ही चिटणीस, आम्ही भांडून तीन महिने मिळविले, वर मदतनिधीतून पैसे दिले, आणि सभेत टाळ्याही घेतल्या. तीन महिन्यांनी तो उठला तेव्हा त्याच्या मांड्या वाळल्या होत्या. तो म्हणाला, “भाऊ, दुखणं कवाच गेलं. पण वाकायचं म्हटलं की भ्या वाटतं.” त्याने पुन्हा पाठीवर पोते घेतले नाही.

आता पाहा. त्याआधी दहा वर्षे, 1986 साली, अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि त्यांचे सहकारी यांनी 203 रोग्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रोगी दोन गटांत वाटले. एका गटास दोन दिवस, दुसऱ्यास सात दिवस निजावयास सांगितले. चिठ्ठी टाकण्याचे कारण असे की, आपणहून उतरणारे दुखणे दोन्हीकडे सारखेच असते, त्यामुळे राहिलेला फरक हा उपचाराचा. बरे होण्यात दोन्ही गट सारखेच निघाले, पण दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे 45 टक्के कमी झाले. 1995 साली फिनलंडात हेलसिंकी नगरपालिकेच्या 186 नोकरांचे तीन गट केले गेले: एक निजणारा, एक पाठीचे व्यायाम करणारा, एक सोसेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारा. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला, निजणारा सर्वांत उशिरा. आमच्या सभासदास खाटेवर निजवले तेव्हा हा निबंध छापून एक वर्ष झाले होते. आम्हांस त्याचा पत्ता नव्हता.

चकतीचाही दरारा याच काळात ओसरला. चुंबकीय छायाचित्रात चकती स्पष्ट दिसू लागली, तेव्हा ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा 98 माणसांची छायाचित्रे अमेरिकेत काढून पाहिली. 1994 साली निष्कर्ष आला: 52 टक्के लोकांची एखादी तरी चकती फुगलेली होती, आणि ती माणसे खुशाल हिंडत होती. म्हणजे छायाचित्रात काही दिसले की तेच दुखण्याचे मूळ, हे गणित चुकीचे ठरले.

मग कारण कोणते? येथे आमच्यासारख्यास कडू लागणारीही उत्तरे आहेत, ती लपविणे बरे नाही. फिनलंडात 115 जुळ्या भावांच्या जोड्या तपासल्या. चकतीच्या झिजेत जड कामाचा वाटा अपेक्षेहून फारच थोडा निघाला; कुळाचा वाटा मोठा होता. अमेरिकेत बोईंगच्या विमानकारखान्यातील 3,020 कामगारांवर काही वर्षे नजर ठेवून 1991 साली अहवाल निघाला. ज्यांना आपले काम जवळजवळ कधीच आवडत नसे, त्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार करण्याचे प्रमाण काम आवडणाऱ्यांच्या अडीचपट होते. मालक मंडळींनी यातून कामगार ढोंगी असा अर्थ काढू नये. पहिली गोष्ट, हे मोजमाप तक्रारीचे होते. दुसरी, विमान बांधणारा कामगार आणि क्विंटलची गोणी वाहणारा हमाल यांना एका तागडीत घालता येत नाही. आणि तिसरी, काम नकोसे का होते याचे उत्तर कामात, मुकादमाच्या वागणुकीत आणि मजुरीत शोधावे लागते. चकतीची झीज आणि माणसाचे दुखणे या एकच गोष्टी नव्हेत. जड उचलणे, वाकणे, पीळ बसणे यांनी दुखणे उठते, हे पुष्कळ अभ्यासांनी दाखविले आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या 1991 च्या सूत्रात, सर्व परिस्थिती उत्तम असताना हातांनी उचलावयाच्या वजनाची मर्यादा 23 किलो धरली आहे; ओझे अंगापासून लांब असेल, पीळ असेल, फेऱ्या अधिक असतील, तर त्याहून कमी. आमच्या उमेदीत गोणी 100 किलोची होती. इजा होईल इतके ओझे कोणास उचलावयास लावू नये, असे 1948 च्या कारखाने कायद्याच्या 34व्या कलमात लिहिलेले होते. पण बाजारातला हमाल कारखान्यात कोठे होता?

लोकांची समजूत बदलता येते, हेही आता सिद्ध झाले आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात 1997 पासून दूरचित्रवाणीवरून लोकांस सांगण्यात आले की पाठ दुखली तरी हिंडतेफिरते राहा. लोकांचे आणि डॉक्टरांचेही मत पालटले, भरपाईचे दावे घटले. 2018 साली ‘लॅन्सेट’ने जगभरच्या तज्ज्ञांचे लेख छापून हेच बजावले: धीर द्यावा, हालचाल चालू ठेवावी, व्यायाम करावा, छायाचित्रे आणि शस्त्रक्रिया गरजेपुरत्याच कराव्यात. मात्र लघवी अडली, पायातील बळ गेले, बैठकीच्या जागी बधिरता आली, ताप किंवा वजनात घट असली, किंवा मोठी पडझड झाली असली, तर घरी थांबू नये. ते दुखणे निराळे, आणि त्यास डॉक्टर तातडीने हवा.

श्रोतेहो, हिंडतेफिरते राहणे म्हणजे दुसऱ्या दिवशी पूर्ण गोणी पाठीवर घेणे नव्हे. ही जागा नीट समजली नाही तर नवे शास्त्रही जुन्या जुलमाच्या कामी येईल. म्हणून आमच्या संघटनेने आता मागणीच बदलली आहे. उसण भरलेल्या सभासदासाठी आम्ही लांबलचक रजा मागत नाही. पहिले काही आठवडे त्यास पोती शिवण्याचे, तोलाईस मदत करण्याचे हलके काम द्या, मजुरी कापू नका, आणि हळूहळू पूर्ण कामावर घ्या, असे मागतो. काही आडत्यांनी ते मान्य केले. काहींशी बोलणी चालू आहेत. या सभेत आडते आहेत आणि डॉक्टरही आहेत. आडत्यांनी या मागणीचा विचार करावा. डॉक्टरांना विनंती एवढीच की, पुढचा कंबर धरून आलेला रोगी तपासताना छायाचित्राच्या आधी रामाझ्झिनीचा प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर चिठ्ठीवर लिहावे. ती चिठ्ठी घेऊन मालकाकडे जाण्याचे काम आम्ही करू.