लिनक्स आणि संगणक-विषाणू

लिनक्स : युनिक्सच्या धर्तीवरची कार्यप्रणाली. तिच्या कर्नलचे (गाभ्याचे) काम लिनस टॉरवॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केले. घरगुती व कार्यालयीन संगणकांवर तिला विषाणूंचा उपद्रव विंडोजच्या मानाने बराच कमी होतो. तिला विषाणू लागतच नाही, हा समज मात्र खरा नाही.

बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडलेली युनिक्स लवकरच एका यंत्रावर अनेकांनी काम करण्याची प्रणाली बनली. साहजिकच एकाने दुसऱ्याच्या फायलींत ढवळाढवळ करू नये, यंत्रणेच्या फायली तर फक्त ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यानेच बदलाव्यात, ही शिस्त तिच्या अंगी आली व लिनक्सनेही ती उचलली. विंडोज ९५ व ९८ मध्ये संगणकापुढे बसेल तो मालक. २००१ च्या एक्सपीतही घरोघरी लोक ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातच वावरत. त्यांनी उघडलेल्या विषाणूला सगळा संगणक आंदण मिळे. बदलाआधी परवानगी विचारण्याची पद्धत २००७ च्या व्हिस्टापासून आली.

मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ या विषाणूने विंडोजची दुसरी उणीव दाखवली. ईमेलसोबतच्या फाइलच्या नावात शेवटी ‘टीएक्सटी.व्हीबीएस’ असे. विंडोज त्यातले ‘व्हीबीएस’ सहसा लपवी, त्यामुळे ते साधे पत्र वाटे आणि डबल-क्लिक करताच स्क्रिप्ट चालू लागे. लिनक्सवर वाचणे, लिहिणे व चालवणे या तीन परवानग्या निरनिराळ्या आहेत. डाउनलोड केलेल्या फाइलला तिसरी सहसा आपोआप मिळत नाही.

शिवाय लिनक्सवरील बहुतेक सॉफ्टवेअर डिजिटल सही असलेल्या अधिकृत भांडारांतून येते, कुठल्याही संकेतस्थळावरून नव्हे. व्यवहारात बहुधा याचाच फायदा सर्वांत मोठा. डेस्कटॉपवर लिनक्सचे वापरकर्तेही थोडे, म्हणून विषाणू लिहिणाऱ्याला त्यात फारशी कमाई नाही.

तरीही ही शिस्त अभेद्य नाही. संगणकतज्ज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८३ मध्ये मुद्दाम युनिक्सवरच विषाणू सोडून पाहिला. पाचही प्रयत्नांत तासाभराच्या आत त्याने यंत्रणेचे सर्व अधिकार मिळवले, कारण जास्त अधिकारांच्या माणसाने बाधित प्रोग्रॅम चालवला की विषाणूलाही तेच अधिकार मिळत. नोव्हेंबर १९८८ मधील मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅमही युनिक्सच्या संगणकांवरच पसरला. खंडणीखोर रॅन्समवेअरला तर रूटची गरजही नसते. वापरकर्त्याचे फोटो नि कागदपत्रे त्याच्या स्वतःच्या खात्यातच असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यांत लिनक्सच होते. फक्त कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते.